हिरेमठ बाईंचा पासवर्ड

फोनवर कुठंही नवीन खातं उघडलं की खालून एक पट्टी वर येते आणि विचारते, पासवर्ड जतन करायचा का? बहुतेक लोक न वाचताच 'हो' म्हणून मोकळे होतात. माझा अंगठा मात्र तिथं थबकतो आणि हिरेमठ बाईंचा आवाज ऐकू येतो, "कुणाकडं जतन?"

ॲडव्होकेट गिरिजा हिरेमठ. मूळच्या अक्कलकोटच्या पलीकडच्या. घरात कानडी, कोर्टात मराठी, रागात दोन्ही. मारहाणीला कंटाळून घराबाहेर पडलेल्या बायकांसाठी सोलापुरात आमचं एक छोटं केंद्र आहे, ते बाईंनी उभं केलं. मी तिथं समुपदेशक म्हणून काम करते. बाई गेल्याचा फोन मागच्या उन्हाळ्यात धारवाडहून त्यांच्या बहिणीनं केला. तेव्हापासून त्यांच्याविषयी काहीतरी लिहावं असं मनात होतं, पण लिहायला बसलं की त्या मृदू, प्रेमळ वगैरे वाटायला लागायच्या आणि मी कागद बाजूला ठेवायची. बाई तशा नव्हत्या.

उंचीला कमी, चालायला भरभर, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. काळा कोट कायम हातावर टाकलेला. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी त्या मुठीनं दाबून फोडायच्या, आणि त्या आवाजावरून आज बाईंशी बोलावं की नाही हे आम्ही ठरवायचो. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. समोरच्या वकिलाला पुढं वाकून ऐकावं लागायचं. कुठलाही करार हातात आला की शेवटचं पान आधी वाचायच्या. "पहिल्या पानावर सगळेच गोड बोलतात," म्हणायच्या. "सोडून जायचं झालं तर काय, ते मागं लिहिलेलं असतं."

केंद्रासाठी जागा बघत होतो तेव्हा दोन हवेशीर जागा त्यांनी नाकारल्या, कारण त्यांना मागं दार नव्हतं. तिसरी नवी पेठेमागच्या गल्लीत, अंधारी, शेजारी पिठाची गिरणी. पण तिचं मागचं दार गिरणीच्या बोळात उघडत होतं. बाई त्या दारातून आतबाहेर करून आल्या आणि म्हणाल्या, "साकु. हीच." साकु म्हणजे कानडीत पुरे.

ते दार पहिल्यांदा उपयोगी पडलं सवितासाठी.

सविता होटगीकडची. नवऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तो दिसायला शांत, बोलायला आदबशीर, आणि सविताच्या डाव्या कानाला त्याच्यामुळं कमी ऐकू यायचं. लहान मुलीला घेऊन ती बाहेर पडली. बाईंनी तिला शहरात एका खोलीत ठेवलं. खोलीचा पत्ता त्यांना आणि मलाच माहीत होता. तिला नवं सिम दिलं, नवं मेलचं खातं उघडून दिलं. फोन तेवढा जुनाच राहिला. नवऱ्यानंच दुकानातून दिलेला.

एका मंगळवारी प्रतिज्ञापत्रावर सही करायला तिला आम्ही बोलावलं होतं. ती आतल्या खोलीत मुलीला पाणी पाजत होती आणि बाहेरच्या दारात तो येऊन उभा राहिला. हातात फोन.

"सविता आली का?" त्यानं विचारलं. "मी तिचा नवरा."

बाई उठल्या आणि दोन खोल्यांच्या मधल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडं त्यांनी फक्त एकदा पाहिलं. मी बाजूच्या फडताळाकडं जाते आहे असं दाखवत त्यांच्या मागून आत सरकले. सवितानं आवाज ओळखला होता. पेला खाली ठेवून तिनं मुलीचा हात धरला. मागच्या दाराची कडी गंजलेली, ती ओढताना आवाज होईल म्हणून मी घाबरले, पण शेजारी गिरणी चालू होती. तिघी बोळात उतरलो. मुलीची एक चप्पल आतच, मधल्या दारापाशी राहिली होती. ती घ्यायला मुलगी मागं वळली, तशी सवितानं तिला उचललं. गिरणीवाल्या काकूंनी काही न विचारता दोघींना आतल्या बाजूला बसवलं.

मी परत आले तेव्हा बाईंचा आवाज अगदी खाली गेलेला होता.

"ती इथं येणार असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? मेल आलाय की तुमचा. मंगळवारी अकराला या म्हणून."

"मेल तिला गेला असेल."

"तिचं ते माझंच हाय की," असं म्हणून त्यानं फोन बाईंच्या पुढं धरला. त्यात त्याला लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं, उलट थोडा अभिमानच होता. "ती कायबी टाइप करू दे, हितं येतं."

बाईंनी शांतपणे वाचलं. पडद्यावर सविताच्या नव्या मेलचा पत्ता होता आणि खाली पासवर्ड. त्याखाली तिच्या बँकेचा. त्याखाली ती ज्या नर्सिंगच्या कोर्सला अर्ज करणार होती त्याच्या वेबसाइटचा.

तेवढ्यात त्याची नजर आतल्या खोलीच्या फरशीकडं वळली. चप्पल तिथं पडलेली होती, लहान, गुलाबी. बाईंच्या हातावरचा कोट घसरला आणि बरोबर त्या चपलेवर पडला. त्यांनी तो उचलला नाही.

"बसा की," त्या म्हणाल्या. "चौकीला फोन केलाय. साहेब येतील इतक्यात. तुम्ही दाखवलंत ते त्यांनाही दाखवा."

फोन केलेला नव्हता. तो फोन खिशात घालून निघून गेला. बाईंनी दाराला कडी घातली. मग खरोखर चौकीला फोन केला.

गिरणीतून परत आल्यावर सविता भिंतीला टेकून बसली. "बाई, तेला कसं कळलं? म्या कुणालाच सांगितलं न्हाय."

"तू नाही सांगितलंस," बाई म्हणाल्या. "फोननं सांगितलं."

फोन देताना नवऱ्यानं त्यात स्वतःचं खातं घालून ठेवलं होतं. पासवर्ड जतन करायचा का, असं फोननं दर वेळी विचारलं आणि सवितानं दर वेळी 'हो' म्हटलं. प्रत्येक 'हो' त्याच्या फोनवर जाऊन बसलं होतं. खोलीचा पत्ता कुठं लिहिलेला नव्हता, एवढंच नशीब.

त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही. दुपारी मला म्हणाल्या, "त्याला आपणच बोलावलं, मंजुळा. मेल आपला होता." मग केंद्राच्या संगणकापुढं बसल्या आणि आमचे पासवर्ड कुठं आहेत ते बघायला लागल्या. सगळीकडं एकच पासवर्ड, तोही केंद्राच्या नावाचा. आणि तो जतन झालेला एका स्वयंसेविकेच्या खात्यात, जी नोकरी लागून केव्हाच पुण्याला गेली होती. तिची नियत चांगली होती. पण तिच्या घरातला कुठलाही माणूस आमच्या सगळ्या बायकांची नावं, फोटो, जबान्या बघू शकला असता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शेजारच्या गड्डम सरांना बोलावलं. सर अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शिकवतात. विणकरांच्या घरातले, आईशी फोनवर तेलुगूत बोलायचे. त्यांनी पासवर्ड मॅनेजर काय असतो ते समजावलं. सगळे पासवर्ड एका तिजोरीत ठेवायचे, प्रत्येक वेगळा आणि अवघड, आणि तिजोरी उघडायला एकच मुख्य पासवर्ड, तेवढा लक्षात ठेवायचा. अशी तीन अ‍ॅप त्यांनी निवडून आणली होती. बाईंनी त्यांची उलटतपासणी सुरू केली.

"ही तिजोरी असते कुठं?"

"कंपनीच्या संगणकावर, बाई. पण तुमच्या फोनमध्येच कुलूप लागून जाते. आत काय आहे ते त्यांना वाचता येत नाही."

"मी मुख्य पासवर्ड विसरले तर ते उघडून देतात?"

"हे पहिलं अ‍ॅप देतं. ओळख पटवली की नवीन करून देतात. लोकांना ते सोयीचं वाटतं."

"मग ते नको."

सर गोंधळले. "का?"

"मला उघडून देता येतं म्हणजे चावी त्यांच्याकडं आहे. आज मी ओळख पटवीन, उद्या तिचा नवरा पटवील. तिचा आधार, तिचा फोटो, सगळं त्याच्याकडं आहे."

दुसरं अ‍ॅप एका कंपनीचं होतं आणि ती ते आम्हाला फुकट द्यायला तयार होती. त्यांचा माणूस पेढे घेऊन आला. केंद्रात फोटो काढायचा होता, आणि एका अर्जात सगळ्या बायकांचे फोन नंबर भरून हवे होते. त्याचं सांगून झाल्यावर बाईंनी विचारलं, "आम्हाला हे सोडून दुसरीकडं जायचं झालं, तर आमचे पासवर्ड बरोबर कसे नेता येतील?"

"सोडायची वेळ कशाला येईल, मॅडम?"

"आली तर."

"तशी सोय नाहीये सध्या. पण आम्ही इतकी चांगली सेवा देतो की कुणी जातच नाही."

"माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक बाईच्या सासरचे हेच सांगतात," बाई म्हणाल्या आणि पेढ्यांचा खोका त्याच्या पुढं सरकवला.

आम्ही सगळे नाराज झालो. फुकट मिळत होतं, मराठीत होतं, दिसायला देखणं होतं. तिसरं अ‍ॅप दिसायला रुक्ष. पण त्याची आतली सगळी रचना कुणालाही तपासता येईल अशी उघड ठेवलेली होती. नाव-गाव न सांगता नुसत्या मेलवर खातं निघत होतं. जुन्या फोनवर चालत होतं, संगणकावरही. आणि सगळं एका साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येत होतं. गड्डम सरांच्या सांगण्यावर बाईंचा विश्वास होता, तरी त्यांनी आधी खोटी नावं आणि खोटे पासवर्ड भरले, ते बाहेर काढले, दुसऱ्याच एका अ‍ॅपमध्ये घातले, आणि एकेक उघडून पाहिलं. सगळे आले होते.

"ही बाहेर काढलेली फाइल मात्र उघडी असते, बाई," सरांनी बजावलं. "कुणीही वाचेल. काम झालं की लगेच पुसा."

बाईंनी ती पुसली. मग संगणकातली कचऱ्याची टोपली उघडून तिथूनही पुसली. पुढं दर वर्षी त्या आमच्याकडून ही कवायत करून घ्यायच्या. एक दिवस सगळं बाहेर काढायचं, दुसरीकडं नेऊन बघायचं, फाइल पुसायची. आम्ही कुरकुर करायचो. एका वर्षी त्या अ‍ॅपच्या अटी बदलल्या, बाईंना त्या पटल्या नाहीत, आणि दुपारच्या चहाच्या आत आम्ही दुसऱ्या अ‍ॅपवर होतो. त्यानंतर कुरकुर थांबली.

पण मला जास्त आठवतो तो सविताचा दिवस.

जुना फोन पुरावा म्हणून बंद करून कपाटात ठेवला होता. तिला दुसरा फोन आणून दिला. बँकेचा ओटीपी अजून जुन्या सिमवर जात होता आणि ते सिम नवऱ्याच्या नावावर होतं. बँकेत जाऊन आधी तो नंबर बदलला. बोटाच्या ठशानं तिजोरी उघडायची सोय बाईंनी बंद करायला लावली. "झोपेत कुणी बोट धरून लावलं तर?" सवितानं हात पदरात घेतला. तसं कधीतरी झालं असावं.

मग मुख्य पासवर्ड. गड्डम सर म्हणाले, एकमेकांशी संबंध नसलेले चारपाच शब्द घ्या, लांब असू द्या. सवितानं पहिल्यांदा मुलीचं नाव सांगितलं. बाईंनी मान हलवली. मग देवाचं, मग गावाचं.

"हे सगळं त्याला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "त्याला ठाऊक नाही असं तुझं काय आहे?"

बाहेर गिरणी थांबली होती आणि खोलीत नुसता पंख्याचा आवाज. मला वाटलं, ती रडणार. काहीच नाही असं म्हणणार. इतकी वर्षं एका माणसानं जिचा प्रत्येक फोन, प्रत्येक पिशवी तपासली, तिच्याकडं काय शिल्लक असणार?

"हाय की," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, जे मी तोवर पाहिलं नव्हतं. "लई जुनं हाय. साळंत असतानाचं. बाई, म्या तुमाला सांगते..."

"सांगू नकोस," बाई म्हणाल्या. "मलापण नको. कुणालाच नको. त्यातले शब्द घे आणि उलटेसुलटे कर."

सविता आमच्याकडं पाठ करून बसली आणि एकेक अक्षर शोधत टाइप करत राहिली. काय ते आजवर मला कळलेलं नाही.

केंद्राच्या तिजोरीचा मुख्य पासवर्ड मात्र एकट्या बाईंकडं होता. कामालाही, कवायतीलाही तिजोरी त्याच उघडून द्यायच्या. मी एकदोनदा विषय काढला. त्या म्हणाल्या, "आणीबाणीत मागणारी म्हणून तुझं नाव घातलंय की." त्या अ‍ॅपमध्ये तशी सोय होती. मी मागणी करायची, ती बाईंना मेलवर जाणार, ठरलेल्या दोन दिवसांत त्यांनी नाकारली नाही तर तिजोरी मला उघडणार. नाकारणं मेलमधूनच व्हायचं, लगेच मंजूर करायला मात्र त्यांना तिजोरी उघडावी लागायची. बाईंना काही झालंच तर, म्हणून.

आणि झालं. काही वर्षांनी मार्चमधल्या उन्हात कोर्टाच्या पायऱ्यांवर बाई खाली बसल्या, त्यांना उठता येईना. हृदयाचा झटका. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी अतिदक्षता विभागात घेतलं आणि काचेतूनही नीट बघू दिलं नाही.

त्याच आठवड्यात सविताची तारीख होती. नवऱ्यानं आता मुलीचा ताबा मागितला होता. त्यानं पाठवलेले धमकीचे निरोप, त्याच्या आवाजातली रेकॉर्डिंग, कानाचे वैद्यकीय कागद, सगळं केंद्राच्या ऑनलाइन साठ्यात होतं आणि त्या साठ्याचा पासवर्ड तिजोरीत. बाईंच्या जागी उभा राहणारा तरुण वकील मला फोनवर फोन करत होता. "कागद नसतील तर मी नुसतं बोलणार कशाच्या जोरावर, मॅडम?"

मी मागणी केली आणि वाट बघायला लागले. सविता केंद्रात येऊन बसायची. आता मोठी झालेली मुलगी तिच्याशेजारी, आणि ती दर थोड्या वेळानं माझ्याकडं बघायची. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या फोनवर मेल आला. मागणी नाकारण्यात आली आहे.

मी तो परत परत वाचला. मला वाटलं, बाईंचा फोन कुणाच्या तरी हाती लागला. सविताच्या नवऱ्याच्याच, असंही वाटून गेलं. मी रिक्षा करून दवाखान्यात गेले.

बाईंना सकाळीच साध्या खोलीत हलवलं होतं. नाकाला नळी, उजव्या हाताला सलाइन. फोन उशीखाली.

"तुम्ही नाकारलंत?" मी विचारलं.

"हौदु," त्या म्हणाल्या. हो. आवाज नेहमीच्या रागातला असतो तसा, अगदी खाली, पण आता तो राग नव्हता. "तुझ्या नावानं मागणी आली. तुझ्या नावानं कुणीही करेल. तुझा फोन कुणी काढून घेतला असेल, तुझ्या मानेवर हात असेल. तू आली नाहीस, बोलली नाहीस."

"बाई, तुम्ही अतिदक्षता विभागात होता."

"म्हणूनच की. मागणाऱ्यानं हीच वेळ साधली असती."

मी म्हटलं, "परवा सविताची तारीख आहे."

त्यांनी दाराकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "दार लाव. तुझ्याबरोबर कुणी आलंय?"

"नाही."

"पडदा ओढ."

मी पडदा ओढला. बाईंनी डाव्या हातानं फोन काढला आणि मुख्य पासवर्ड टाइप करायला लागल्या. डाव्या हाताची सवय नव्हती. चुकला. परत केला, परत चुकला. यंत्रावरचे हृदयाचे आकडे वर चढायला लागले आणि नर्स आत डोकावली.

"मी टाकते, बाई. तुम्ही फक्त सांगा," मी म्हटलं.

"बेडा," त्या म्हणाल्या. नको. नर्सला त्यांनी हातानंच थांबवलं. डोळे मिटून पडून राहिल्या. ओठ हलत होते, शब्द जुळवत असाव्यात. मग फोन छातीवर ठेवून एकेक अक्षर दाबलं. मी खिडकीबाहेर बघत होते. आकडे हळूहळू खाली आले.

"उघडलं," त्या म्हणाल्या. "आता मागणी कर. माझ्यासमोर."

मी केली. त्यांनी मंजूर केली. मग फोन बाजूला ठेवून म्हणाल्या, "एकटीकडं ठेवलं, ती माझी चूक. दुसऱ्यांना शहाणपण शिकवत होते."

त्या तारखेला कोर्टात रेकॉर्डिंग वाजलं. नवऱ्याचा तोच आदबशीर आवाज, आणि त्या आवाजात तो काय काय म्हणत होता ते ऐकून न्यायाधीशांनी लिहायचं थांबवलं. मुलगी सवितापाशीच राहिली. सविता आता एका रुग्णालयात परिचारिका आहे. कुठल्या ते मी लिहिणार नाही.

बाई पुन्हा कोर्टात उभ्या राहिल्या नाहीत. धारवाडला बहिणीकडं जायचं ठरल्यावर एकदा केंद्रात आल्या, रिक्षातून, हळूहळू चालत. सगळ्यांसाठी शेंगाचटणी आणली होती. चहा झाल्यावर माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या.

"मला काढ त्यातून," त्या म्हणाल्या.

"कशातून?"

"तिजोरीतून. आणि मुख्य पासवर्ड बदल. दोघीजणी मिळून ठरवा, मला कळता कामा नये."

"तुम्हाला कळलं तर काय बिघडतं, बाई?"

"जी इथं नाही तिच्याकडं चावी कशाला?"

मी यादीतून त्यांचं नाव काढायला घेतलं. खरंच काढायचं का, असं अ‍ॅपनं विचारलं. मी थांबले. बाईंनी मान हलवली, तेव्हा 'हो' दाबलं. मग माझी सहकारी आणि मी नवीन शब्द टाइप करायला बसलो. बाईंना उठून बाहेर जायला त्रास झाला असता, म्हणून मी म्हटलं, "बसा तुम्ही, काही हरकत नाही."

त्यांनी चष्मा काढला, डब्यात ठेवला आणि डबा मिटून पर्समध्ये टाकला. बिनचष्म्याच्या बाई मी कधी पाहिल्या नव्हत्या. नाकावर दोन लाल खळगे, डोळे वाटलं होतं त्यापेक्षा मोठे आणि थोडे घाबरल्यासारखे. आमच्या दिशेला तोंड करून त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, काहीच दिसत नसताना, आणि आमचं टाइप करून होण्याची वाट बघत होत्या.